वहिनींचा पायगुण

वहिनींचा पायगुण चांगला आहे याबद्दल त्या घरात दुमत नव्हतं. फक्त फुटबॉलची मॅच चालू असताना ते पाय स्वयंपाकघरात असायला हवेत, एवढंच.

हे ठरलं त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात. आपला संघ एका गोलने मागे होता, घरात सगळ्यांचे चेहरे पडले होते, आणि नव्या नवरीला गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. त्या आत गेल्या आणि बरोबरीचा गोल झाला. दूध उतरवून बाहेर येऊन बसतात न बसतात तोच समोरच्यांनी पुन्हा आघाडी घेतली. शहाणी माणसं याला योगायोग म्हणतात. पण सासरे, नवरा आणि धाकटा दीर यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सासरे अतिशय प्रेमाने म्हणाले, "सूनबाई, तू जरा आत थांबतेस का?" ते 'जरा' काही अजून संपलेलं नाही.

एव्हाना वहिनींचे केस पिकायला लागले. दिवसभर त्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात बसून मेणावर एकेक दात बसवतात, घासतात, पुन्हा बसवतात. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी जेवतात, सासरे तर घरचेच. पण मॅचच्या दिवशी या कारागीर बाईची जागा ओट्यापाशी. गोल म्हणजे त्यांच्या दृष्टीने भिंतीपलीकडून येणारा आवाज. त्या आवाजावरून गोल कसा झाला हेही त्यांना आता कळायला लागलं होतं. पेनल्टीच्या वेळी सासरे कवळी काढून मुठीत घट्ट धरत, त्यामुळे पेनल्टीचा आनंद जरा बोबडा ऐकू येई.

मग कुणीतरी हाक मारायचं, "ये गं, रिप्ले दाखवतायत." रिप्लेला पायगुण लागत नाही. पण शिळा गोल तो शिळाच. चेंडू कुठे जाणार हे आधीच ठाऊक असेल तर त्यात बघायचं काय? एकदा तरी, पुढे काय होणार हे माहीत नसताना, चेंडू जाळ्यात जाताना बघायचा, एवढी एकच इच्छा वहिनींना होती. ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. आपल्यामुळे हरले तर, ही धास्ती त्यांनाही होतीच. इतकी वर्षं एकच गोष्ट कानावर पडली की माणसाला ती खरी वाटायला लागते.

आणि मग आपला संघ परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला. घरात एकमताने ठराव झाला की आता जायचंच. तयारीत सगळ्यांनी हातभार लावला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने विमानात खिडकीची जागा कुणाला, यावर आठवडाभर वाद घातला. औषधांचं दुकान चालवणाऱ्या दिराने इतक्या गोळ्या भरल्या की तिथल्या जनतेलाही पुरल्या असत्या. सासरे पासपोर्टच्या फोटोवर नाराज होते, त्यांना तो म्हाताऱ्याचा वाटत होता. उरलेली किरकोळ कामं, म्हणजे व्हिसा, राहायची खोली, विमानाची आणि मॅचची तिकिटं, वहिनींनी केली. मॅच चालू नसताना त्यांचा पायगुण कुठेही चालत असे.

सोडतीत तिकिटं लागली, चारही जागा ओळीने. घरात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं होतं. तेवढ्यात दिराने तिकिटाखालचे नियम मोठ्याने वाचले. ज्याच्या नावाने अर्ज केला, त्याने फाटकातून सर्वांत आधी आत जायचं. तो नसेल तर बाकीच्यांनाही प्रवेश नाही. अर्ज वहिनींच्या नावाने होता.

तिघांनी तो नियम आळीपाळीने पुन्हा वाचून पाहिला.

"वहिनी, तुम्ही यायचंच," दीर म्हणाला, जणू त्या नाही म्हणत होत्या. "प्रश्न फक्त बसण्याचा आहे."

"पाठ फिरवून बसली तर?" सासऱ्यांनी सुचवलं.

"बाबा, लोक काय म्हणतील?" नवरा म्हणाला. त्याला लोकांची फार काळजी.

शेवटी दिरानेच फोनवर स्टेडियमचा नकाशा शोधून काढला. प्रेक्षकांच्या जागांमागे एक रुंद बोळ होता आणि तिथे कॉफीचा स्टॉल होता. "फाटकातून आत यायचं आणि तिथे उभं राहायचं. चहाकॉफीचा वास, भांड्यांचा आवाज. तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल."

"घरी वाटतं तेवढं पुरे आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या आणि हो म्हणून मोकळ्या झाल्या. खरं तर इथे त्यांनी कडाकडा भांडायला हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीपुढे कुणाचं काय चालतं?

तर अशा रीतीने वहिनी समुद्र ओलांडून एका भिंतीमागे येऊन उभ्या राहिल्या. खेळ सुरू झाला तसा बोळ रिकामा झाला. उरल्या त्या आणि समोरच्या भिंतीला टेकलेला एक म्हातारा. त्याच्या अंगात दुसऱ्या संघाचा शर्ट होता. कवळी सैल होती, हे वहिनींना लांबूनच दिसलं. आतून गलका झाला की तो दचकून कान टवकारी, पण जागचा हलत नसे. वहिनींनी हातानेच विचारलं, आत का नाही? त्याने आधी आतल्या दिशेला बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि ओशाळं हसून मान हलवली.

वहिनींना भाषांतराची गरज पडली नाही. म्हणजे यालाही घरच्यांनी बाहेर उभं केलं होतं.

त्यांना आधी हसू आलं. मग त्या विचार करू लागल्या. त्याचे जिंकावेत म्हणून तो बाहेर, आपले जिंकावेत म्हणून आपण बाहेर. दोघांचं काम एकाच वेळी फत्ते होणं तर शक्य नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण तरी उगाच उभा आहे. आणि एक जण उगाच उभा राहू शकतो, तर दोघं का नाही? एवढा साधा हिशेब इतकी वर्षं ओट्यापाशी सुचला नाही, याचा त्यांना मनस्वी राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा.

त्यांनी म्हाताऱ्याला चल म्हणून खुणावलं. तो भिंतीला आणखीच चिकटला. वहिनी मात्र थांबल्या नाहीत.

पायऱ्या चढून वर आल्या तर मैदान टीव्हीवर दिसतं त्याहून लहान वाटलं. धावणारी माणसं धापा टाकत होती. वहिनी खाली उतरत आपल्या तिघांच्या मागे येऊन पोचल्या, तेवढ्यात आपल्या एका पोराने डावीकडून चेंडू काढला. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेंडू खांबाला लागणार असं वाटलं, तो लागलाही, आणि आत गेला. वहिनी किंचाळल्या. सगळेच किंचाळत होते, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

पुढे तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले होते.

"वहिनी बाहेर आहेत म्हणून," दीर ओरडून सांगत होता. "मी म्हटलं होतं की नाही?"

"गुणाची आहे बिचारी," नवऱ्याचा आवाज भरून आला होता. "तिला इथून काहीतरी छानसं घेऊन द्यायला हवं."

वहिनी पुढे झाल्या. चौथ्या खुर्चीवर तिघांनी आपले कोट टाकले होते. त्यांनी ते उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवले आणि खाली बसल्या.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तू कधी आलीस?"

"गोलच्या आधी."

सासरे खुर्चीत मागे टेकले. दिराने हात जोडले. "वहिनी, अजून बराच खेळ बाकी आहे. ते दोन गोल मारतील हो. निदान शेवट होईपर्यंत तरी..."

"मारू देत," वहिनी मैदानावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला तेसुद्धा बघायचेत."