कानामुळे झालेली बदनामी

गेल्या वर्षी माझ्या उजव्या कानामुळे माझ्या चारित्र्यावर संशय घेतला गेला. संशय घेणारा माझा स्वतःचाच मुलगा होता.

मी राहतो कात्रजला, मुलगा सिद्धार्थ हिंजवडीला. दोन्ही ठिकाणं पुण्यातच आहेत असं नकाशा म्हणतो. (नकाशा काढणारा संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला नसावा.) बायको गेल्यापासून मी दर शुक्रवारी त्याला फोन करून म्हणायचो, "एक चक्कर टाक रे," आणि तो म्हणायचा, "टाकतो बाबा." हे इतकं पाठ झालं होतं की ऐकण्याची गरज दोघांनाही उरली नव्हती.

त्या दिवशी सकाळी पलंगावर कूस बदलली आणि खोली गरगरा फिरली. पंखा खाली, मी वर. समोरचं कपाट पुन्हा पुन्हा समोरून जाऊ लागलं. निपचित पडलं की थांबायचं, मान हलवली की पुन्हा सुरू. घोटभर पाणी द्यायलाही घरात कोणी नव्हतं. मला खरंच भीती वाटली. इथेच काही झालं, तर आधी दूधवाल्याला कळेल आणि मग मुलाला.

फोन लावला. "सिद्धार्थ, अरे चक्कर..."

"हो बाबा, रविवारी नक्की. मीटिंगमध्ये आहे." फोन बंद.

मग मेसेज करायचं ठरवलं. अक्षरं पळत होती, म्हणून डोळे मिटून फोनला तोंडीच मजकूर सांगितला. जास्त बोललं की मळमळत होतं, म्हणून थोडक्यात: "चक्कर चालू आहे. आता एकट्याने राहवत नाही. तुझ्याशी बोलायचंय."

सिद्धार्थच्या ऑफिसातल्या हिंदीमिश्रित मराठीत 'चक्कर चालू' म्हणजे प्रेमप्रकरण, हे मला कोण सांगणार?

जो मुलगा महिनोन् महिने फिरकला नव्हता, तो मीटिंग सोडून धावत आला. स्वतःच्या किल्लीने दार उघडून आधी स्वयंपाकघरात डोकावला, मग बाल्कनीत. शेवटी माझ्याकडे.

"कोण आहेत त्या?"

"कोण त्या?"

"बाबा, मी चिडणार नाही. आईला जाऊन बराच काळ झालाय. फक्त नाव सांगा."

"अरे, मला अंथरुणातून उठवत नाहीये."

"इतकं?"

मी उठून दाखवायला गेलो आणि त्याच्या शर्टावर ओकलो. इतका स्पष्ट खुलासा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

त्याने मला उचलूनच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बोलताना जीभ जड होते? हातापायातली शक्ती गेल्यासारखी वाटते?" नाही म्हटल्यावर त्यांनी मला झटकन आडवं केलं आणि मान उजवीकडे वळवून टेबलाच्या कडेबाहेर धरली. छत फिरलं. बाई माझ्या डोळ्यांत टक लावून बघत होत्या. (इतकं निरखून माझ्याकडे बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.)

"आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते तोल सांभाळायला मदत करतात," त्या म्हणाल्या. "तुमचे कण जागा सोडून शेजारच्या नळीत शिरलेत. त्यामुळे मेंदूला वाटतं, तुम्ही सारखे फिरताय."

"मी कुठे फिरतो? घरातच तर असतो."

मग त्यांनी मान डावीकडे वळवली, थोडं थांबल्या, मला डाव्या कुशीवर लोळवून जमिनीकडे बघायला लावलं आणि हळूच उठवून बसवलं. हा सगळा वेळ सिद्धार्थने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. डोकं भणभणत होतं, तरी हे एवढ्यात संपू नये असं मला वाटत होतं.

"झालं. कण जागेवर गेले असावेत. आता गोळ्यांची गरज नाही," बाई म्हणाल्या.

सिद्धार्थने सुटकेचा श्वास सोडला, माझा हात सोडला आणि मोबाईल हातात घेतला.

"मात्र हा त्रास पुन्हा होऊ शकतो हं," बाई म्हणाल्या.

सिद्धार्थचा चेहरा उतरला. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, "साधारण कधी?"