उर्सुला पेलची साक्ष

जोनास पेल पिंपं बनवायचा. पिंप गळणार की नाही हे तो पाणी न भरता सांगायचा, आणि स्वतःच्या आत्म्याबद्दलही त्याचं मत तितकंच ठाम होतं. चर्चच्या मंडळीत घेण्याआधी ज्येष्ठांनी विचारलं, तुझ्या आत्म्याचं तारण झालंय असं तुला वाटतं का? तो म्हणाला, वाटतं कशाला, झालंयच. ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला इतकी खात्री त्याला सैतानानं कधीच गाठलेलं असतं, हे त्या किनाऱ्यावरच्या कर्मठ वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जोनास नापास झाला.

आता बायकोनं आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. आईबापांतलं एक तरी मंडळीत असल्याशिवाय बाळाला बाप्तिस्मा नाही, आणि पाळण्यातली पाच आठवड्यांची मुलगी चार दिवस खोकत होती.

"तुम्हाला जरा घाबरता आलं नाही?" उर्सुलानं नवऱ्याला विचारलं.

"खोटं बोलू?"

"खोटं नको हो. बाकीचे बोलतात तेवढंच."

प्रार्थनेच्या सभाघरात बायकांनी बोलायचं नाही, म्हणून चर्चचे पाळक हॅल्सी शाई-कागद घेऊन घरी आले. मागच्या हिवाळ्यात पेलांची थोरली, चार वर्षांची डॅमरिस गेली होती. पाळकांनी तिथूनच सुरुवात केली. देवाचा हात पडला, तेव्हा तू नमलीस ना, बाई?

उर्सुलानं मक्याची पेज ढवळणं थांबवलं.

"नाही नमले. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणवेना. नऊ दिवस माझी पोर कोठारात, यांच्या पिंपांशेजारी होती. नऊ दिवस मी देवाशी भांडले. अजून मिटलेलं नाही. लिहा."

पाळकांनी लिहिलं. पुष्कळ लिहिलं. दारात उभ्या जोनासला वाटलं, झालं, बुडालो.

रविवारी, शब्बाथाला, पाळकांनी साक्ष वाचून दाखवली. तीत एक दीन भगिनी होती. लेकरू गेल्यावर ती नऊ दिवस आपल्या पापांसाठी रडली आणि दहाव्या दिवशी देवाचे आभार मानून उठली. बायकांनी डोळे पुसले. उर्सुलाला ही बाई कोण ते कळेना. वाटेत भेटली असती, तर तिनं तिच्या थोबाडीत दिली असती.

ही तुझीच साक्ष ना, असं पाळकांनी विचारलं. होकारार्थी मान हलवली की पुरे होतं. पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर जोनास जन्मात पहिल्यांदा घाबरलेला दिसत होता. ज्येष्ठांनी तेव्हा मागे वळून पाहिलं असतं, तर तोही पास झाला असता.

बाळ खोकलं. उर्सुलानं मान हलवली.

पुढच्या शब्बाथाला बाप्तिस्मा. मुलीचं नाव पाळकांनीच सुचवलं होतं, थँकफुल, म्हणजे आभारी. बाप मंडळीबाहेरचा, म्हणून आईनंच बाळ पुढे धरलं. भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय आली होती. पाळकांनी ती बोटानं फोडली आणि नाव विचारलं. सभाघरात बाईला बोलायला मिळतो, तो हा एकच शब्द.

"डॅमरिस."

पाळकांनी आवाज खाली आणला. "थँकफुल ठरलं होतं ना, बाई?"

"ते तुमच्या कागदातल्या बाईनं ठरवलं असेल," उर्सुला तितक्याच हळू म्हणाली. "माझ्या मुलीचं नाव डॅमरिस."

सगळी मंडळी बघत होती. पाळकांनी ओंजळ भरली आणि डॅमरिस म्हटलं.

पाणी पडताच मुलगी अशी कडाडून रडली, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच श्श केलं. उर्सुलानं मुलीला गप्प केलं नाही.