नालबंद चाचा आणि गोलाची फळी

चेंडू गोलामागच्या फळीवर धाडकन आपटला, आणि माझा नवरा हातातली हॉकीची काठी टाकून, दोन्ही हातांनी डोकं झाकून मातीत पालथा पडला. इस्लामपूरच्या टीमनं गोल केला होता, पण गोलाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आमच्याच माळावर, आमचंच सगळं गाव, गोल राखणारा आपला गोलकी जमिनीत तोंड खुपसून थरथरतोय ते बघत होतं. आधी पोरं हसली, मग बापये हसले. मी बायकांच्या गाडीत बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "पिऊन आलाय." तो पिऊन आला होता हे खरं. पण पडला होता तो दारूनं नव्हे.

तेवढ्यात गर्दीतून एक उंच, वाकलेला म्हातारा मैदानात शिरला. तोंडात चार खिळे. हे आमचे नालबंद चाचा. बैलांना नाल मारणं हा त्यांचा धंदा. खिळे हाताशी असावेत म्हणून ते ओठांत धरायचे, आणि काम नसलं तरी ते तिथंच असायचे. त्यामुळं चाचा थोडं बोलायचे, आणि बोलले तर दातांतून. खिळे तोंडातून काढले की समजायचं, आता काही महत्त्वाचं सांगणार आहेत.

चाचा माझ्या नवऱ्याच्या मागून गेले नाहीत. लांबून वळसा घालून समोर आले आणि त्याच्या पुढं, त्याला दिसतील असे, स्वतःच मातीत आडवे झाले. धोतर, पांढरी दाढी, सगळं धुळीत. तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "मी हाय रं. नालबंद. कराडाजवळचा माळ हाय ह्यो. उठायची घाई न्हाई." मग मान वळवून लोकांना म्हणाले, "हसताय काय? बैल बुजलाय त्यो. पळाला न्हाई."

दुसरी मोठी लढाई संपून तेव्हा वर्ष झालं होतं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. हॉकी त्यांनीच गावात आणली. रजेवर येताना काठ्या आणल्या, त्या मोडल्यावर चाचांनी त्यांना चामड्याच्या पट्ट्या आवळून दिल्या. गोलाला जाळी नव्हती. चेंडू मागच्या उसात जाऊ नये म्हणून दोन जाड फळ्या उभ्या केल्या होत्या. माझा नवरा इटलीत लढला होता. तिथं त्याच्याबरोबरचे किती गेले ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आला तो धडधाकट आला. हात, पाय, डोळे, सगळं जागेवर. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. मग फळीचा आवाज आला की पडायला लागला. पडायची लाज वाटून प्यायला लागला, आणि प्यायल्यावर जास्तच पडायला लागला.

चाचांचं दुकान वेशीजवळ. एक छपरी, एक भाता, पुढं बैल पाडायला मोकळी जागा. गावातले हॉकीवेडे संध्याकाळी तिथंच जमायचे, कारण तिथं शेकायला आयता विस्तव असायचा. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी खुरप्याला धार लावून घ्यायच्या निमित्तानं गेले आणि भात्याच्या आडोशाला उभी राहिले. पेन्शनीतले सुभेदार बोलत होते.

"होळीनंतर साताऱ्याचे सामने हायेत. गोलात दुसरा गडी घाला. ह्यो तिथं पडला तर आपल्याला तोंड दाखवाय जागा न्हाई."

शाळेतले गुरुजी म्हणाले, "दुसरा कोण आहे, सुभेदार? शुद्धीत असला तर त्याच्यासारखा चेंडू अडवणारा सबंध जिल्ह्यात नाही."

"शुद्धीत असतो कवा?"

"आधी देवऋषाला दावा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

माझे थोरले दीरही तिथंच होते. ते म्हणाले, "पुण्याला येड्यांचं इस्पितळ हाय. मी चौकशी केलीया. त्येला तिथं घालतो, आन त्येच्या बायकूला म्हायेरी धाडतो."

मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. असं कानावर पडलं. दिरांचा डोळा माझ्या नवऱ्याच्या वाटणीच्या जमिनीवर होता, असं पुढं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्यांना भाऊ नको होता असं नव्हतं. त्यांना लाज नको होती.

चाचांनी खिळे काढले. "साताऱ्यापातूर त्येला माझ्याकडं द्या."

"आन तिथं पडला तर?"

"तर तुमी म्हणाल तिथं घाला."

"दुसऱ्या दिशी पुण्याची गाडी," दीर म्हणाले.

"चालंल," असं म्हणून चाचांनी खिळे परत तोंडात घातले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, खुरपं दे हिकडं. आन सगळं ऐकलंस न्हवं?"

पहिल्यांदा त्यांनी माझ्या नवऱ्याला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. देवऋषाला दाखवायला ते तयार नव्हते. "बैलाचा पाय मोडला तर मी मंतर मारतो का?" डॉक्टरांनी सगळं तपासलं. लढाईचा धक्का आहे म्हणाले, दारू बंद करा, जेवण-झोप वेळेवर, एकटा सोडू नका. बाटलीत भरून देता येईल असं औषध नव्हतं. चाचा परत आले आणि मला म्हणाले, "डाक्तर बी माझ्यासारखंच बोलला. हुशार वाटला."

दारूची वेळ दिवेलागणीची. चाचांनी बरोबर त्याच वेळेला त्याला भाता ओढायला बसवलं. एक दिवस तो पिऊनच आला. चाचा ओरडले नाहीत. म्हणाले, "बस. पण दारातच. बैलाजवळ न्हाई. बैलाला वास कळतो, त्यो बुजतो." नवरा उंबऱ्यावर बसला. आत सुभेदार आणि गुरुजी साताऱ्याच्या टीमबद्दल भांडत होते, उजव्या बाजूनं कोण पळतो, काठी कोण उंच उचलतो. ह्याला कुणी काही विचारलं नाही. शिव्यांनी लागलं नसतं ते त्याला लागलं. घरी येऊन म्हणाला, "सुभेदाराला हॉकीतलं काय बी कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी कोरडा गेला, आणि आत बसला.

लगेच सुटली असं नाही. तीन वेळा परत प्यायला. तिसऱ्या वेळी मी गाठोडं बांधलं आणि चाचांना सांगायला गेले की संपलं, मी जाते. ते एका बैलाचा खूर मांडीवर घेऊन तासत होते. म्हणाले, "खोंड एका दिसात गाडीला लागतं व्हय गं? तीनदा जू टाकतंच. गाठोडं तिथं ठेव आन ह्या बैलाचं शिंग धर." मी शिंग धरलं. बैल मोठा होता, मला दुसरं काही सुचेना. काम झाल्यावर गाठोडं उचललं आणि घरी गेले.

चाचांची दुसरी शिस्त होती आवाजाची. जनावराच्या मागून ते कधी मुकाट गेले नाहीत. आधी बोलायचे, मग हात लावायचे. आमच्या घरातल्या सगळ्यांना त्यांनी ती शिस्त लावली. "मागनं जायाचं न्हाई. आधी आवाज द्यायाचा." सासूबाई तोंडाच्या फटकळ, त्या म्हणाल्या, "माझ्या घरात मी काय घंटा बांधून हिंडू?" चाचा म्हणाले, "बांधा की, वयनी. शोभंल." सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण भांडी आपटायच्या थांबल्या.

राहिली फळी. पहिल्या मोठ्या लढाईत चाचा घोड्यांच्या पलटणीत नालबंद होते. घोड्याची बंदुकीची भीती कशी मोडतात ते त्यांनी मला सांगितलं. "घोड्याला चंदी खायाला घालायची आन त्याच वक्ताला लांब बंदूक उडवायची. आधी टेकाडाच्या पल्याड. मग अल्याड. मग कानाशी. घोडा मान वर करत न्हाई, चणे खातो."

"मग इथं बंदूक कोण उडवणार?" मी विचारलं.

"तू. जी चंदी घालती तिनंच आवाज करायाचा. त्येला कळाय पायजे, आवाज घरचा हाय."

गोलाची एक फळी त्यांनी माळावरून काढून आणवली आणि ओढ्याच्या पलीकडं उभी केली. नवरा दुकानापुढं भाकरी घेऊन बसायचा. मी पलीकडं काठी घेऊन उभी राहायची. आधी हाक मारायची, "मारते वं!" आणि मग चेंडू फळीवर. पहिल्या दिवशी सहा वेळा चेंडू ओढ्यात गेला आणि एकदाच फळीला लागला. त्या एकदाला त्याच्या हातातली भाकरी पडली. चाचांनी उचलून दिली. "खा. कुणी मेलं न्हाई."

गावात बोभाटा झाला. सून पदर खोचून चेंडू बडवते, म्हणून बायका पाणवठ्यावर मला बघून गप्प व्हायच्या. मी बडवत राहिले. दर आठवड्याला फळी काही पावलं पुढं यायची. ओढ्याच्या अलीकडं आली, चिंचेखाली आली, दुकानाच्या भिंतीला आली. मग चाचांनी हाक बंद करायला लावली. आता सांगून मारायचं नव्हतं. गुरुजी येता-जाता विचारायचे, "काय, गोलकीची चंदी झाली का?" आणि खरंच, पुढं-पुढं असं झालं की फळी वाजली की माझ्या नवऱ्याला भूक लागायची. तो रागावायचा, "माझा घोडा केलाय ह्या म्हाताऱ्यानं!" पण रागावताना खात असायचा. माझा नेम इतका बसला होता की सुभेदार एकदा म्हणाले, बाई नसती तर हिलाच पुढं खेळवली असती. चाचा म्हणाले, "बाई हाय म्हनून काय झालं?" त्यावर सुभेदारांनी तंबाखू मळायला घेतली.

होळी झाली. आम्ही तीन गाड्यांतून साताऱ्याला गेलो. दीर आमच्याच गाडीत होते. त्यांनी नवऱ्याचे कपडे वेगळे बांधून आणले होते, पुण्याला न्यायला. मी ते गाठोडं बघितलं आणि भाकऱ्यांची दुरडी त्याच्यावर ठेवली.

साताऱ्याचं मैदान मोठं, गोल पक्के, मागच्या फळ्या नव्या सागवानी. आमच्या फळ्या किडक्या होत्या. ह्यांचा आवाज केवढा येणार! चाचा आमच्या गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले. तोंडात खिळे होतेच.

सुरुवातीला नवऱ्यानं दोन चेंडू पायांनी अडवले. आमची माणसं ओरडली. तिसऱ्या खेपेला त्यांचा एक दांडगा गडी मधून सुटला आणि त्यानं काठी फिरवली. चेंडू नवऱ्याच्या काठीखालून गेला आणि फळीवर आपटला. तोफ उडावी तसा आवाज. साताऱ्याची माणसं नाचायला लागली. सुभेदारांनी डोळे मिटले. दीर गाडीत उभे राहिले. मी दुरडीचा काठ धरला होता, त्याची एक काडी माझ्या तळव्यात शिरली ती मला नंतर दिसली.

नवरा उभा होता.

त्यानं मान वळवली, फळीकडं बघितलं. वाकून चेंडू काठीनं बाहेर काढला आणि मैदानाच्या मध्यावर ढकलला. मग आमच्या गाडीकडं तोंड करून ओरडला, "आगं, भाकरी आणलीयास न्हवं?"

त्यानंतर आमच्या गावानं जो दंगा केला तसा मी आयुष्यात परत ऐकला नाही. टोप्या उडाल्या, पटके उडाले. गुरुजी सुभेदारांच्या गळ्यात पडले. साताऱ्याची माणसं नाचायची थांबून आमच्याकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "आवं, गोल तुमच्यावर झालाय!" दुसरा म्हणाला, "ह्येस्नी खेळ ठाव न्हाई वाटतं." पंचानं शिट्टी तोंडातून काढून विचारलं, काय भानगड आहे? चाचांनी चारही खिळे मातीत थुंकले. खिळे थुंकताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. म्हणाले, "आता किती बी गोल होऊ द्यात."

पण झाले नाहीत. त्यानं पुढचं सगळं अडवलं, आणि आम्ही दोन गोल करून सामना जिंकलो. आमचे गोल कुणी केले ते मला आठवत नाही. दिरांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या मैदानाला फेरी मारली. माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. परत येताना त्या कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं ठेवून नवरा गाडीत झोपला. चाचा वाटेत मला म्हणाले, "माझं खिळं तिथंच ऱ्हायलं बघ. चार होतं. चांगलं होतं." मी म्हणाले, चार आणून देते. म्हणाले, "ते नगं. आपल्या फळीवर अजून एक चेंडू मार."

सगळं कायमचं बरं झालं असं मी लिहिणार नाही. त्यानंतर दोनदा तो प्यायला, आणि दोन्ही वेळा स्वतःहून चाचांच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. दिवाळीत फटाके उडायला लागले की मी ताट वाढायची. तो कधी भूक नसताना जेवला, कधी घाम येऊन जेवला, पण जेवला. पडला मात्र नाही.

पुढं गाड्यांना रबरी चाकं आली, मग ऊस ट्रकनं जायला लागला. नाल मारायला बैल कमी झाले. चाचा सांगलीला लेकीकडं राहायला गेले. निघताना माझ्या घरी आले, दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "मी हाय गं, नालबंद," आणि मग आत आले. चहा प्यायले. काही मोठं बोलले नाहीत. मी अजून खोलीत शिरण्याआधी आवाज देते. नातवंडं हसतात. हसू देत.

चाचा सांगलीला म्हातारपणानं गेले. माझ्या नवऱ्यानं कबरीत माती टाकली आणि येताना लेकीकडून त्यांचा हातोडा मागून आणला. सुभेदार गेले, गुरुजी गेले, दीरही गेले. माझा नवरा सत्तरीच्या पुढं जगला आणि स्वतःच्या घरात, जेवून झोपल्यावर गेला. पुण्याचं ते इस्पितळ त्यानं बाहेरूनसुद्धा पाहिलं नाही. साताऱ्याला जाताना आमच्या गाडीत बसलेल्यांपैकी आता मी एकटी जिवंत आहे.