नऊ धुरांची वस्ती

साहेबांची छडी माझ्या बरगडीत बसली, तेव्हा मी नकाशाच्या मागं उभा होतो.

भिंतीला खिळा नव्हता. सांगलीतला एवढा मोठा हॉल, टेबलावर पांढरी चादर, हारतुरे, पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या, आणि खिळा नाही. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "तू धर." मी स्टुलावर चढलो आणि दोन्ही हात ताणून नकाशाची वरची काठी धरली. समोर बसलेल्यांना माझी बोटं दिसत होती आणि खाली चपला. मधला मी नकाशानं झाकलेला.

नकाशा सांगली-मिरज परिसराच्या प्रादेशिक योजनेचा. सुधारित. साहेब समजावून सांगत होते. मिरजेच्या बाजूला कारखाने वाढणार, बाहेरून माणसं येणार, त्यांना घरं लागणार. आधी ठरवलेलं घरांचं उद्दिष्ट कमी पडतंय, म्हणून ते वाढवलंय. वाढीव घरांना वाढीव जागा हवी. ती इथं, इथं आणि इथं.

प्रत्येक 'इथं'ला छडीचा एक ठोसा. तिसरा माझ्या डाव्या बरगडीवर. मागून बघायची गरज नव्हती. ती जागा मला पाठ होती. आमच्या गावचा ओढा आणि ओढ्यापलीकडची आमची वस्ती. माझ्या आईचं घर.

कुणीतरी विचारलं, "तिथं वस्ती नाही का?"

आमच्या गावचे सरपंच पहिल्या रांगेत होते. त्यांनी उठायचीही तसदी घेतली नाही. "वस्ती कसली, आवं सायेब. म्हारवाडा हाय. नऊ-धा खोपटी. कुटंबी हलवा त्यास्नी."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "शिवाय या लोकांची वाढ धरायची नसते. ही मंडळी मुंबईला निघून जातात. म्हणून तिथं आम्ही वाढ शून्य धरली आहे."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं.

"नीट धर रे," साहेब म्हणाले. "नकाशा हलतोय."

आता हे नऊ कुठून आले ते सांगतो.

मी साहेबांच्याच नगररचना कचेरीत ट्रेसर होतो. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं उतरवायचे, नावं टाकायची, मग छापील प्रतींवर रंग भरायचे. पिवळा म्हणजे राहायची जागा, हिरवा म्हणजे शेती. माझा हात चांगला होता. अक्षर तर असं की साहेब बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचे. अक्षर दाखवायचे, मला नाही. माझा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा होता. वेगळा ठेव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. फार सभ्य लोक होते ते.

वस्तीतला पहिला सरकारी नोकर मी. नोकरी तात्पुरती, दर सहा महिन्यांनी हुकूम नवा. तरी गावाकडं गेलो की माझी मान ताठ असायची.

दुष्काळाच्या वर्षी योजनेसाठी गावोगावची घरं मोजायचं काम निघालं. आमच्या गावाला कचेरीतलाच एक सर्वेअर गेला. तो आधी सरपंचांच्या घरी बसला. पोहे खाल्ले, चहा घेतला. मग ओढ्यापर्यंत आला. ओढ्यात त्या वर्षी टाचा भिजण्याएवढंही पाणी नव्हतं. पण तो पलीकडं गेला नाही. आमच्या गावची ती जुनी रीत. शिरगणतीवाला असो नाहीतर देवी टोचणारा, वस्ती मोजायची तर गावाच्या काठावर उभं राहायचं आणि चुलींचे धूर मोजायचे. एक धूर म्हणजे एक घर. पाय विटाळत नाहीत, वेळही जात नाही. गावाला या युक्तीचं मोठं कौतुक होतं. आपल्या वाडवडिलांची हुशारी म्हणून नव्या माणसाला ती आवर्जून शिकवायचे.

त्या सकाळी धूर निघाले नऊ.

निघणार तेवढेच. बाकीची वस्ती तलावाच्या दुष्काळी कामावर गेलेली. नुसती माणसं नाही, घरंच्या घरं. तिकडंच पालं ठोकलेली, तीन दगडांच्या चुली तिकडंच मांडलेल्या. माझी आईसुद्धा तिथंच खडी फोडत होती. मागं राहिली होती ती दगड उचलायची ताकद नसलेली म्हातारी माणसं. त्यांच्या नऊ चुली.

हे मला कुणी चोरून सांगितलं नाही. सर्वेअरनंच कचेरीत चहा पिताना सगळ्यांना सांगितलं, मोठ्या ऐटीत. "आख्खा म्हारवाडा मोजला, चपलेला धूळ लागू दिली नाही." माझं टेबल त्याच्यापासून दोन हातांवर. त्याला माझं गाव माहीत नव्हतं. विचारायची गरज कुणालाच कधी वाटली नव्हती.

वस्तीत घरं त्रेचाळीस होती. मला प्रत्येक घराचं दार कुठल्या तोंडाला आहे ते माहीत होतं.

मी मूग गिळून बसलो.

हुकूम संपायला एक महिना उरला होता. हे कारण झालं. खरं तर मी भ्यालो. या लोकांची मला किळस येते, पण त्या दिवशीच्या माझीही येते, आणि ती लपवून ही हकीकत सांगता येणार नाही.

मग तो नकाशा माझ्याच टेबलावर आला. ओढ्यापलीकडं पेन्सिलीनं लिहिलं होतं : मोकळी पडीक जागा. मी ते शाईनं पक्कं केलं. सुबक अक्षरात. नऊ खोपट्या एवढ्या मोठ्या योजनेत दाखवायच्या नसतात, असं वरून ठरलं होतं. काही महिन्यांनी उद्दिष्ट सुधारलं, घरं वाढली, जागा अपुरी पडायला लागली. मग साहेबांना ही पडीक जागा आठवली. तिथं पिवळा रंग द्यायचा हुकूम झाला. सोसायट्या होणार, बंगले होणार. मी ब्रश घेतला आणि एक डाग न पडू देता माझ्या आईच्या घरावर रंग फिरवला. दुसऱ्या कुणी केलं असं सांगायला मला आवडलं असतं.

त्या रविवारी घरी गेलो. आई कामावरून परतली होती. तळहातांना भेगा, तरी भिंत लिंपत होती. मला बघून थांबली.

"गावाला नळ येनार म्हनत्यात," आई म्हणाली. "तुज्या कचेरीत नकाशा काडत्यात न्हवं? त्यात आपली वस्ती हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

तिनं हात धुतले आणि शेजारीपाजारी सांगत सुटली. पोरानं सोता काडलाय नकाशा. आपली वस्ती त्यात हाय. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत पसरलं. एक म्हातारा नळ कुठं बसवायचा ते दाखवायला मला हाताला धरून घेऊन गेला. मी त्याच्याबरोबर गेलो आणि जागा बरी आहे म्हणालो.

योजनेवर हरकती घ्यायला मुदत असते. तशी नोटीस निघाली. ती गावच्या चावडीवर लावली, आतल्या भिंतीला. आमची माणसं चावडीच्या आत जात नव्हती, हे नोटीस लावणाऱ्याला माहीत होतं. त्यामुळं हरकत आली नाही. हरकत आली नाही म्हणजे कुणाचं काही म्हणणं नाही. कायदा त्यांनी अक्षरशः पाळला. यांच्याएवढा कायदा पाळणारे लोक मी पुन्हा बघितले नाहीत.

म्हणून त्या दिवशी त्या हॉलमध्ये वस्तीचं एकच माणूस होतं. ते नकाशाच्या मागं होतं. आणि ते नीट धरत नाही म्हणून त्याला दटावणं चाललं होतं.

साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं, "अरे, नीट धर."

मी सोडला.

काठी आधी टेबलावर आदळली, मग फुलदाणीवर. नकाशा हारांवर पसरला. मी स्टुलावर तसाच उभा. पहिल्यांदा सगळ्यांनी मला बघितलं. मी मोठ्यानं म्हणालो,

"ती वस्ती माझी आहे. तिथं नऊ नाही, त्रेचाळीस घरं आहेत. हा नकाशा मी काढलाय आणि तो खोटा आहे."

"तुला बोलायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

सरपंच डोळे बारीक करून बघत होते. त्यांना ओळख पटली. "आरं, ह्यो तर आमच्याच म्हारवाड्यातला! सायेब, ह्येला नोकरीवर घेतलाय व्हय तुमी?"

"खाली उतर," साहेब म्हणाले.

"उतरतो. आधी लिहून घ्या. त्रेचाळीस."

सगळ्यांच्या खिशाला पेनं होती. एकानंही काढलं नाही. मी उतरलो आणि मधल्या वाटेनं बाहेर गेलो. कुणी अडवलं नाही. अडवायला मला हात लावावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. त्यांची ती गोड भाषा मला शिवीपेक्षा घाण वाटली. "तू शिकलेला आहेस. भावनेच्या भरात होतं असं. एक माफीनामा लिहून दे. मी तुला कायम करायची शिफारस करतो."

"आणि घरांचा आकडा?"

"तो आता वर गेला. बदलता येत नाही."

"घरांचं उद्दिष्ट बदललं की, साहेब."

"ते धोरण आहे. ही माहिती आहे. तुला फरक कळायचा नाही."

मला फरक चांगला कळला. जी घरं अजून कुणी बांधली नाहीत, ती यांच्या कागदावर वाटेल तेवढी वाढतात. जी उभी आहेत, ज्यांत माणसं जेवतात, बाळंत होतात, मरतात, ती मात्र एकदा चुकली की चुकली. एवढं शिकून, परदेशातली पुस्तकं वाचून, या माणसाला चाळीस पावलं चालून दारं मोजता आली नाहीत. आणि याला मी दोन वर्षं उभं राहून नमस्कार केला.

दोन दिवसांची रजा टाकून गावी गेलो. टेप घेतली, कागद घेतला. आईला अंगणातच सांगितलं. "आई, नकाशात आपण न्हाई. मी खोटं बोललो. तितं दुसऱ्यांची घरं हुनार हायती."

तिनं विचारलं, "नकाशा कुनी काडला?"

"मी."

"तुजं हात काय मोडलं व्हतं?"

मी मान खाली घातली. तिनं ना जवळ घेतलं, ना पाठीवरून हात फिरवला. टेपेचं टोक तेवढं माझ्या हातातून ओढून घेतलं. "चल. पयलं घर कुटलं धरायचं?"

दोन दिवस आम्ही मोजत होतो. आई टोक धरायची, मी आकडा लिहायचो. नळाची जागा दाखवणाऱ्या म्हाताऱ्यासमोरही कबूल केलं. तो माझ्या पायाजवळ थुंकला, आणि मग त्याच्या भिंतीला टेप लावू दिली. प्रत्येक दार, प्रत्येक न्हाणी, लिंबाचं झाड, समाजमंदिराचा ओटा, सगळं मापात काढलं. खाली त्रेचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. हरकतींची मुदत उलटून गेली होती. तरी वर ठळक अक्षरात लिहिलं : हरकत.

तो नकाशा घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी माफीनाम्यासाठी कोरा कागद पुढं सरकवला. मी त्यांच्यासमोर उभ्यानंच लिहिलं :

"माफी मागणार नाही. सोबत वस्तीचा खरा नकाशा जोडला आहे. त्यात त्रेचाळीस घरं आहेत. तुमच्या योजनेत आमची वाढ शून्य आहे. चव्वेचाळिसावं घर मी बांधत आहे, त्याच पिवळ्या पट्ट्यात. हे कळावं म्हणून लिहिलं, परवानगी मागायला नव्हे."

साहेबांनी वाचलं. कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून म्हणाले, "पाडलं जाईल ते."

"बांधून तर होऊ द्या," मी म्हणालो आणि पोच मागितली. द्यायची त्यांची तयारी नव्हती. मी जागचा हललो नाही. शेवटी शिक्का मारून दिली.

हुकूम पुढं वाढला नाही. नोकरी गेली. मला त्याचं नवल वाटलं नाही, वाईट वाटलं तेही थोडंच. आता सकाळची वेळ माझी होती. मी वस्तीत दोरी लावून पाया आखला आणि कुदळ मारली. माती सुकलेली, कडक होती. चार दिवसांत पाया कमरेएवढा खोल गेला.

पाचव्या दिवशी सरपंचांचा माणूस निरोप घेऊन आला. घर पाडायला सरकारची माणसं येतील म्हणाला. मी खड्ड्यातून वर आलो नाही. खालूनच सांगितलं, "येऊ द्या. एक पाडलं तर दोन बांधीन."