निळ्या फुलांचा राब

लार्कस्पर हे नाव मालकीणबाईंनी दोनदा सांगितलं, तरी बाच्या तोंडात ते बसलं नाही. आमच्या खोलीत त्या फुलाला नुसतं ‘निळी’ म्हणत. सुंदर फूल आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुणाच्या बागेत ते तुरे डुलताना दिसले की आजही माझं डोकं फिरतं.

बा कर्जतला नदीकाठच्या एका बंगल्यावर माळी होता. मालक मुंबईचे. बागेच्या मागच्या अंगाला कौलारू खोली होती, तिच्यात आई, बा आणि मी राहायचो. त्या दिवाळीत मालकीणबाई आल्या आणि म्हणाल्या, मुलीचं लग्न माघात इथेच हिरवळीवर करायचं. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना निळी फुलं हवीत, आणि मांडवात फुलदाण्यांत ठेवायलाही तीच हवीत. त्यांनी बियांची बाटली बाच्या हातात दिली. जाता जाता म्हणाल्या, “जमत नसेल तर आत्ताच सांग. पुण्याचा एक माळी यायला तयार आहे.”

“जमंल की, बाई,” बा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पुण्याचा माळी आला की त्याला खोली लागणार, आणि खोली एकच होती.

गावाकडे परतायची सोय नव्हती. धम्म घेतल्यावर बाने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि गावाने आमचं तोंड बघायचं सोडलं. शेतावर कुणी बोलवेना. आम्ही निघालो आणि पुढच्या पावसाळ्यात गावातलं आमचं खोपट आडवं झालं. आई म्हणायची, “मी मरंन, पण तिकडं जायाची नाय.” ती हे रागाने म्हणायची नाही. भाकरी थापता थापता, मीठ संपलंय असं सांगावं तसं म्हणायची.

तर निळी. बाला शोभेची झाडं येत होती ती कुंडीतली, कलमाची. बी टाकून रोप करायचं म्हणजे आमच्याकडे भात, आणि त्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने बागेच्या कोपऱ्यात राब भाजला. पावसाआधी भातासाठी करतात तसाच. पाला, शेण, गवत जमिनीवर पसरून पेटवायचं, राखेत बी टाकायचं आणि रोप वीतभर झालं की उपटून चिखलात लावायचं. सगळं बी कधी पेरायचं नाही या तिच्या सवयीने तिने चिमूटभर मागे ठेवलं. बी उगवायला इतके दिवस लागले की बा जेवेनासा झाला. मग एकदाची शेपूसारखी बारीक पानं वर आली. “बघा, तुमच्या पुण्याच्या माळ्याला सांगा म्हणावं,” आई बाला चिडवत म्हणाली, आणि तो कितीतरी दिवसांनी हसला.

रोपं वाढली तशी दोघांनी ती उपटली, मुठी बांधल्या, वाटेच्या कडेला चिखल करून ओळीने लावली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तशी सगळी आडवी.

आम्ही घाबरलो नाही. हेच तर वाईट झालं. भाताचं रोपसुद्धा लावणीनंतर मान टाकतं आणि मग उभं राहतं. “जीव धरतील गं,” बा मला सांगायचा. तो पाणी वाढवत गेला, वर पळसाची पानं घातली. सकाळी उठून प्रत्येक रोपाजवळ उकिडवा बसायचा आणि बोटाने त्याची मान उचलून बघायचा. एका सकाळी त्याने एक रोप नुसतं धरलं तर ते हातात आलं. मूळ कुजलं होतं.

राबात मात्र उपटायची राहून गेलेली चार-दोन रोपं ताठ उभी होती. बा त्यांच्याकडे बघत किती वेळ बसला कोण जाणे. “याला हलवलेलं चालत नाय,” तो म्हणाला.

मागे ठेवलेलं चिमूटभर बी मग वाटेच्या कडेलाच पेरलं. आता थंडी पडली होती, ती निळीला मानवली; बी पटकन उगवलं. पण माघ जवळ आला तरी ते गुडघ्याएवढंच होतं, नुसतं हिरवं. एका संध्याकाळी आई त्या रोपांपुढे हात जोडून उभी दिसली. धम्म घेतला तेव्हा देव्हारा तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडला होता. मला तिचा संताप आला. “आई, हे काय करतेस गं?”

“कोनाला तरी सांगाया नको का?” ती म्हणाली. मी खोलीत जाऊन रडले.

लग्नाच्या सकाळी फुलं मुंबईहून टेंपोने आली. राबातल्या रोपांना तुरे आले होते, ते कापून बा दोन्ही हातांत धरून मालकीणबाईंकडे गेला. “एवढीच?” त्या म्हणाल्या. त्या दिवशी ओरडल्या नाहीत, पाहुणे होते. ते तुरे एका पेल्यात घालून हात धुवायच्या जागी ठेवले होते, मी पाहिले. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाला बोलावून महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगितलं.

“वाटेवरची आता फुलतील बाई. कळ्या लागल्यात,” बा म्हणाला.

“आता काय करू त्यांचं?” त्या म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं. लग्न होऊन गेलं होतं.

निघायच्या दिवशी वाटेवरची पहिली फुलं उमलली होती. बैलगाडीत भांडी, पेटी, बाबासाहेबांची तसबीर गोधडीत गुंडाळून, सगळं चढवून झालं. बा दिसेना. तो झारी घेऊन वाटेवर पाणी घालत होता.

“आता कोनासाठी वं?” आई गाडीतून किंचाळली.

“नवा मानूस येईस्तवर सुकतील,” तो म्हणाला आणि शेवटच्या रोपापर्यंत पाणी घालूनच आला. आईने बागेकडे पाठ केली.

गाडीवाल्याने कासरा उचलला. “कुठं न्यायचं?”

आई बाच्या तोंडाकडे बघू लागली, मीही. बाने गाडीच्या दांडीला हात लावला, सोडला, पुन्हा लावला.

“आदी फाटकाबाहेर तर घे,” तो म्हणाला.