लोणारच्या काठावर सासूबाई

मेहकरला लग्नाला निघालो होतो. मुहूर्त दुपारचा होता, म्हणून वाट थोडी वाकडी करून अर्ध्या तासात लोणारचं सरोवर पाहून घ्यावं, असं ठरलं. जरीची साडी सावरत सासूबाई काठावर आल्या आणि खाली पाहत उभ्या राहिल्या. झाडीने वेढलेल्या त्या प्रचंड खोलगटाच्या तळाशी हिरवट पाणी निश्चल पसरलं होतं.

शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलीला सांगत होते, "इथे पूर्वी ज्वालामुखी होता."

"ज्वालामुखी नव्हे हो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आकाशातून उल्का आली आणि या काळ्या कातळावर आदळली. त्यातून हे एवढं विवर झालं, बाळ. पाणीसुद्धा खारं आहे."

घरी टीव्हीचा आवाज वाढवतानाही विचारणाऱ्या या बाई. आता त्यांचा हात हवेत मोठे गोल काढत होता, आवाज खणखणीत झाला होता, आणि पाहता पाहता दहाबारा माणसं भोवती जमली.

"तुम्ही इथल्याच का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. तीस वर्षं शाळेत फळ्यावर काढून शिकवलं. बघतेय आज पहिल्यांदाच."

स्वतः न पाहिलेलंही माणूस किती जीव लावून दुसऱ्याला दाखवत असतो, असं मनात येत राहिलं. त्यांना 'चला' म्हणायला माझी जीभ रेटेना.

मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. एवढा उशीर का, म्हणून नणंदेने विचारलं. सासूबाई ओशाळल्या. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या बाई लोणारला शिकवत होत्या."