बोटं दाखवा

त्या दुपारी कापसाच्या गंजीआड सिगारेट मी ओढली आणि नोकरी गेली ती फाटकावरच्या म्हाताऱ्याची. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी चांगले लिहिणे माझ्या तोंडी शोभते की नाही, ते तुम्हीच ठरवा.

स्वातंत्र्याला आठनऊ वर्षे झाली होती. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी काट्यावर कारकून होतो. कापसाच्या गाड्या तोलून घ्यायचो. आत विडी-काडीला सक्त मनाई. इतर फॅक्टऱ्यांच्या फाटकांवर खिसे चाचपत. आमच्या फाटकावरचा हा म्हातारा म्हणायचा, "खिसा राहू द्या, बोटं दाखवा."

मनगट धरून तो नाक लावायचा. विडी वाऱ्यापासून जपत मुठीत धरतात, म्हणून तिचा जळक्या पाचोळ्याचा वास तळव्यात. चिलमीचा दोन्ही हातांना, ओल्या फडक्याचा आणि तापल्या मातीचा. सिगारेटचा मात्र दोन बोटांच्या टोकांना, करपलेल्या कागदासारखा. "अन् हुक्का?" मी विचारले होते. "त्याची मिशी हुंगा लागते, बाबू. पाटील हुंगू देत नाई!"

स्वतः तो चिलीम ओढायचा. पण सुटी झाल्यावर, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली.

"तुमच्या बोटाले शाईचा वास हाये. तोच राहू द्या," मला म्हणायचा. पुढे तर तो माझी बोटे बघेनासा झाला. नेमकी त्यानंतरच अमरावतीच्या एका मित्रामुळे मला सिगारेट लागली.

गंज पेटली. वाळू-पाणी टाकून विझवली. कोणी भाजले नाही, पण अर्धी गंज गेली. मुनीमजींनी सगळ्यांना रांगेत उभे केले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "हुंग."

तोवर मी नळावर हात धुऊन आलो होतो.

विडीवाल्यांचे तळवे हुंगून तो म्हणाला, "शिळा वास हाये, सकायचा." मग माझ्यापाशी आला. मनगट बराच वेळ धरून ठेवले.

"साबन," एवढेच म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी मान खाली घातली.

"मग उरला कोण?" मुनीमजी ओरडले. "तूच चिलमीवाला!"

घोंगडी खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर पडला.

सात वर्षांनी मी हिवरखेडला त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता, पार वाळलेला.

"बाबा, ती सिगारेट माझी होती."

"नवं काय सांगून राहिले, बाबू? मले तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलाचं तुमाले होतं." थोडा दम घेऊन म्हणाला, "गावातले पोट्टे मले जाळ्या म्हन्तात, गंज जाळनारा. माफी मले नोका मांगू. जिथं नाव गेलं, तिथं सांगा."

मी लगेच सांगितले नाही, हेही कबूल करतो. मुनीमजी तेच होते आणि मला बढती मिळायची होती. आज सांगू, उद्या सांगू करत हंगाम आला. हिवरखेडच्या एका गाडीवानाने काट्यावर सहज सांगितले, "थो जाळ्या बुढा मेला ना, बाबू."

मी काटा सोडून फाटकाशी गेलो. मुनीमजी होते, गाड्यांची रांग होती. नवा पहारेकरी म्हाताऱ्याच्या जुन्या स्टुलावरून उठून उभा राहिला. त्या रिकाम्या स्टुलापुढे मी हुंगायला द्यावेत तसे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो.

"गंज माझ्या सिगारेटने पेटली होती. म्हाताऱ्याचा काही दोष नव्हता. गाडीवानदादा, गावात हे सांगा. बाबा, मी चुकलो. मला माफ करा."